दारूला न शिवणाऱ्याचे यकृत का बिघडते?

आमच्या परिचयाचे एक बंधू रात्रपाळीला पहारेकऱ्याचे काम करतात. वय 45. पोटात उजव्या बाजूला जड वाटते म्हणून त्यांनी सोनोग्राफी करून घेतली. कागदावर शब्द आले 'फॅटी लिव्हर', म्हणजे यकृतावर चरबी. तपासणाऱ्याने पहिलाच प्रश्न केला, "किती वर्षांपासून पिता?" ही गोष्ट चाळीत पोहोचायला वेळ लागला नाही. विहारात दर पौर्णिमेला पाचवे शील मनापासून उच्चारणारा आणि आयुष्यभर ते पाळणारा हा माणूस. पण शेजारी कुजबुजू लागले आणि घरच्या माउलीनेही दोन दिवस अबोला धरला. आजारापेक्षा हा संशयच त्यांना जास्त लागला.

वाचकहो, असे प्रसंग आपल्या वस्त्यांत आज घरोघरी घडत आहेत. म्हणून या विषयावर चार गोष्टी सांगणे आम्हास अगत्याचे वाटते.

दारूविना होणारा रोग

मटणाच्या दुकानात ज्याला आपण कलेजी म्हणतो, तेच माणसाचे यकृत. ते बरगडीखाली उजव्या अंगाला असते आणि त्याचे वजन दीड किलोच्या आसपास भरते. त्यात 5 टक्क्यांहून अधिक चरबी साठली की तिला रोग समजतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. लुडविग यांनी 1980 साली 20 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. या रुग्णांचे यकृत दारुड्याच्या यकृतासारखेच बिघडलेले होते, पण ते दारू पिणारे नव्हते. तेव्हापासून या रोगाला स्वतंत्र नाव मिळाले. 2023 साली जगातील तज्ज्ञांनी ते नावही बदलले. जुन्या नावात दारूचा उल्लेख होता आणि त्याने रुग्णाची विनाकारण बदनामी होत होती, हे नाव बदलण्याचे एक कारण होते.

"हा श्रीमंतांचा, ढेरपोट्यांचा रोग आहे, आपल्याला कशाला होईल?" असेही काही जण म्हणतात. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील खेड्यांत डॉक्टरांनी केलेली पाहणी 2010 साली प्रसिद्ध झाली. त्यात 100 पैकी जवळजवळ 9 जणांच्या यकृतावर चरबी आढळली. त्यांतील निम्म्याहून अधिक लोक ना लठ्ठ होते, ना त्यांचे पोट सुटलेले होते. कष्ट करणारा, अंगाने सडपातळ माणूसही यातून सुटत नाही, हे ध्यानात घ्यावे.

आतड्यातील वस्ती

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही चरबी येते कोठून? जास्त साखर, तेलकट खाणे, बैठे काम, मधुमेह, आनुवंशिकता ही कारणे आहेतच. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आणखी एक कारण पुढे आले आहे. ते म्हणजे आपल्या आतड्यातील जीवाणू.

जंतू म्हटले की आपण नाक मुरडतो. परंतु प्रत्येकाच्या मोठ्या आतड्यात कोट्यवधी जीवाणूंची वस्तीच नांदत असते. आपल्याला न पचणारा चोथा ते खातात आणि त्याच्या बदल्यात आतड्याच्या आतल्या अस्तराला पोसणारी द्रव्ये तयार करतात. आतड्यातून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते एका मोठ्या रक्तवाहिनीतून आधी यकृतात जाते. यकृताला मिळणाऱ्या रक्ताचा सुमारे पाऊण भाग याच वाटेने येतो. म्हणून आतड्यात जे घडते त्याची झळ सर्वांत आधी यकृताला लागते.

जेवणात चोथा कमी आणि साखर, मैदा, तेल जास्त झाले की उपयोगी जीवाणू घटतात. अस्तराची वीण सैल होते. मेलेल्या जीवाणूंचे विषारी अंश त्यातून झिरपून यकृतात पोहोचतात आणि तेथे सूज धरते. चरबीवर सूज आली म्हणजे रोगाने दुसरी पायरी गाठली. त्यानंतर यकृतात वण पडतात आणि काहींच्या बाबतीत शेवटी ते दगडासारखे कडक होते.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील संशोधकांनी 2004 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही उंदीर पूर्ण जंतुविरहित वाढवले होते. त्यांच्या पोटात साध्या उंदरांचे जीवाणू सोडले, तेव्हा 14 दिवसांत त्यांच्या अंगातील चरबी 60 टक्क्यांनी वाढली आणि यकृतातही चरबी चढली. विशेष हे, की ते पूर्वीपेक्षा कमी खात होते.

पोटातच दारूची भट्टी

याहूनही नवलाची गोष्ट चीनमधील आहे. बीजिंगच्या डॉक्टरांकडे एक तरुण आला. दारूचा थेंबही न घेता, केवळ पिष्टमय व गोड पदार्थांचे जेवण झाले की त्याला झिंग चढत असे. त्याच्या यकृताला गंभीर सूज होती. तपासणीत दिसले, की त्याच्या आतड्यातील 'क्लेबसिएला' जातीचे जीवाणू साखरेपासून मोठ्या प्रमाणावर अल्कोहोल तयार करीत होते. मग डॉक्टरांनी इतर फॅटी लिव्हरच्या रुग्णांचीही तपासणी केली. त्यांतील सुमारे 60 टक्के जणांत भरपूर अल्कोहोल बनवणारे असे जीवाणू सापडले. हेच जीवाणू उंदरांना दिल्यावर त्यांच्याही यकृतावर चरबी चढली. हे संशोधन 2019 साली प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ प्रत्येक रुग्णाच्या पोटात भट्टी पेटली आहे असा नव्हे. झिंग चढणारा तो तरुण विरळाच. आणि दारू पिणाऱ्यांनी "आमचे जीवाणूच दोषी" असे म्हणून सुटकाही करून घेऊ नये. दारू यकृताचा नाश करते, यात काडीचाही संशय नाही. सांगायचे ते इतकेच, की सोनोग्राफीचा कागद पाहून माणसाच्या चारित्र्याचा निवाडा करता येत नाही.

मग करायचे काय?

शांघायच्या डॉक्टरांनी 2023 साली 200 रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. मक्यापासून काढलेले, सहजी न पचणारे पिष्ट रोज 40 ग्रॅम याप्रमाणे 4 महिने दिले, तेव्हा यकृतावरील चरबी लक्षणीय कमी झाली आणि आतड्यातील जीवाणूही पालटले. ती पूड आपल्याला शोधत बसण्याचे कारण नाही. जीवाणूंचे खाद्य आपल्या स्वयंपाकघरातच आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी, मटकी, चवळी, सालीसकट हरभरा, शेपू-चाकवतासारख्या पालेभाज्या हे आपल्या आया-आज्यांचे जेवण. ते गरिबीचे म्हणून आपण टाकले आणि बिस्किटे, खारी, मैद्याचे पाव, थंड पेयाच्या बाटल्या घरात आणल्या. दिवसाला चार-पाच कप गोड चहा होत असेल तर माता-भगिनींनी आधी साखरेच्या डब्याला आवर घालावा.

वजन जास्त असल्यास ते सावकाश उतरवावे. 70 किलोच्या माणसाने साडेतीन किलो घटवले तरी चरबी कमी होऊ लागते आणि 5 ते 7 किलो घटल्यास सूजही उतरू शकते. सडपातळ रुग्णाने मात्र उपास काढू नयेत. त्याने साखर आणि तळण कमी करून रोज अर्धा तास झपझप चालावे.

या रोगात बहुधा काही दुखत नाही, म्हणून मधुमेह असणाऱ्यांनी न विसरता तपासणी करावी. केंद्र सरकारने 2021 साली हा आजार मधुमेह, कर्करोग यांसारख्या रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे. तेव्हा सरकारी दवाखान्यात याविषयी विचारण्यात संकोच नसावा. यकृतात वण पडले आहेत का, याचा पहिला अंदाज वय आणि साध्या रक्ततपासणीतील तीन आकड्यांवरून डॉक्टर बांधू शकतात.

जाहिरातीतील 'लिव्हर टॉनिक' आणि जीवाणूंच्या महागड्या पुड्या यांवर घामाचा पैसा घालवू नका. कोणता जीवाणू दिला असता हा रोग बरा होतो, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. झाडपाल्याचे काढेही मनाने घेऊ नयेत. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केली होती.

आमचे ते पहारेकरी बंधू आता डबा घरून नेतात. त्यात दोन भाकऱ्या, उसळ आणि कांदा असतो. रात्रीचा चहा बिनसाखरेचा. सहा महिन्यांत वजन 78 वरून 72 किलोवर आले आहे. माउलीचा अबोला तर केव्हाच सुटला. डॉक्टरांनी सगळे समजावले त्या दिवशी घरी येऊन त्या एवढेच म्हणाल्या, "मी आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं."

शेजारी कोणाचे यकृत बिघडल्याचे कानी आले, तर कुजबुज न करता आपणही त्याला आधी विचारू या, की दवाखान्यात सोबत येऊ का?