काचेच्या खाडीतील शेवाळ

भूगोल विभागाच्या खिडकीशी तीन फुटी काचेची पेटी आहे. तिच्यात गतवर्षी खाडीचे निमखारे पाणी भरून चार काळुंदर आणि बारा कोळंब्या सोडल्या. "तू खाडीकाठची, तेव्हा हे खाते तुझ्याकडे," असे सर म्हणाले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. वर्गात तोंड उघडायला भिणाऱ्या मला, निदान एका विषयात आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळते, असे वाटले. तो अभिमान महिनाभर टिकला.

प्रथम काचेवर तपकिरी साय धरली. नव्या पेटीत ती धरतेच आणि बहुधा आपोआप ओसरते. तिच्यामागून आलेले हिरवे, केसाळ शेवाळ मात्र हटेना. घासावे तर चार दिवसांत पुन्हा हजर! कोणीतरी मोरचूद सुचविले. सुपारीच्या बागेत चुन्याबरोबर फवारतात तेच. मी चिमूटभर टाकले. शेवाळ फिकट पडले खरे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ कोळंब्या तळाशी आडव्या होत्या. मोरचुदातले तांबे कोळंबीला विष असते आणि ते वाळूत मुरून राहते, हे मी नंतर वाचले. सर येण्यापूर्वी त्या गुपचूप फेकून द्याव्यात असे मनात आले होते, हे लपवीत नाही. सर रागावले नाहीत. नोंदवहीत तारीख घालून लिही, एवढेच म्हणाले. ते लिहिणे रागावण्यापेक्षा जड गेले.

घरी बाबांना सांगितले. जाळे सांधता सांधता ते म्हणाले, "खाडीत दिवसातनं दोनदा ओहोटी लागते. तुझ्या पेटीत कोण आणतंय ओहोटी?"

माझ्या वाचनाचा सारा अर्थ त्यात आला. उरलेला चारा आणि माशांची विष्ठा कुजली, की पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट साठतात. तेच शेवाळाचे खत. गोड्या पाण्याच्या पेटीत पाणवनस्पती हे खत वाटून घेतात. निमखाऱ्या पाण्यात त्यांतील बहुतेक तग धरीत नाहीत, म्हणून सारी पंगत एकट्या शेवाळाची! त्यात आमची पेटी खिडकीशी, दुपारभर उन्हात.

आता खिडकीला जाड पडदा आहे आणि दिवा रोज सात तासच लागतो. चारा एकदाच, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढा. दर शनिवारी तळाची घाण नळीने ओढीत पाव हिस्सा पाणी काढते आणि तेवढ्याच खारटपणाचे नवे घालते. ही आमची ओहोटी.

आटलेल्या पाण्याची गोष्ट मात्र वेगळी. मी ते खाडीच्याच पाण्याने भरून काढीत असे. पण आटते ते निव्वळ पाणी. मीठ मागेच राहते, आणि पेटी दिवसेंदिवस खारट होत जाते. तेव्हा ही तूट गोड्या पाण्यानेच भरावी. नळाचे असल्यास दिवसभर उघडे ठेवून. आमचा हायड्रोमीटर १.०१० च्या आसपास ठेवते.

वाळू सगळी बदलली आणि दिवाळीनंतर पुन्हा कोळंब्या सोडल्या. तीन काचा घासते, चौथी मागची तशीच ठेवते. काळुंदर शेवाळ खातो. (केरळने २०१० साली राज्यमासा ठरविलेला करिमीन तो हाच.) दुपारच्या तासाला चौघेही त्या काचेला तोंड लावून चरत असतात.