नव्या सर्व्हरआधी माळा आवरा

सॉफ्टवेअर मंदावलं की आपण क्वेरी तपासतो, मग नवा सर्व्हर मागतो. पोस्टग्रेएसक्यूएलमधली एक जागा मात्र घरातल्या माळ्यासारखी दुर्लक्षित राहते: त्याची स्वतःची सिस्टिम टेबलं.

कुठल्या टेबलात कोणते कॉलम, याची नोंद ‘पीजी_ॲट्रिब्यूट’मध्ये असते. १० कॉलमचं तात्पुरतं टेबल केलं की तिथे किमान १६ ओळी पडतात. त्यातल्या ६ पोस्टग्रेसच्या स्वतःच्या कॉलमच्या. टेबल काढलं तरी त्या ओळी लगेच जात नाहीत, मृत होऊन पडून राहतात. असा रिपोर्ट दिवसाला १,००० वेळा चालला, तर १६,००० मृत ओळी! ‘ऑटोव्हॅक्यूम’ ती जागा पुन्हा वापरण्याजोगी करतो. पण कुणी ट्रान्झॅक्शन तासन्‌तास उघडं ठेवलं, तर त्यानंतर साचलेला कचरा त्यालाही काढता येत नाही.

मग काय करावं? एका सेशनमध्ये एकच तात्पुरतं टेबल ठेवा, रिकामं करून तेच वापरा. विसरलेली ट्रान्झॅक्शनं शोधून बंद करा. ‘व्हॅक्यूम फुल’ने फुगलेलं टेबल लहान होतं, पण तोवर त्याला पूर्ण कुलूप लागतं आणि बाकी कामं खोळंबतात. म्हणून ते रात्री, सगळ्यांना आधी सांगूनच चालवा.

कचरा साचूच न देणं, हाच सगळ्यात स्वस्त सर्व्हर!