धूळ कुणाच्या खिडकीत?

संध्याकाळी आमच्या परळच्या चाळीत या आणि गॅलरीत वाळत घातलेल्या पोराच्या शर्टावरून बोट फिरवा. बोट पांढुरके होईल. ही सिमेंटची धूळ. समोर टॉवर चढतो आहे. उद्या त्याच्या काचबंद खिडक्यांआड एसी लागतील. आपली खिडकी मात्र दहा बाय बाराच्या खोलीत वारा यावा म्हणून रात्रंदिवस उघडीच!

परळ-लालबागला धूळ नवी नाही. माझे वडील १९८२ च्या संपापर्यंत मिलमध्ये सूतकताईच्या खात्यात होते. आई सांगते, रविवारची सुट्टी झाली की सोमवारी त्यांची छाती हमखास जड व्हायची. दवाखान्यात दमा म्हणून गोळ्या मिळायच्या. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे ही त्याची खूण आहे आणि कायद्याने त्याची नुकसानभरपाई मागता येते, हे मला कळले ते वडील गेल्यानंतर. तेव्हा आम्हाला कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

विणकाम खात्यात पगार जास्त होता. पण तिथे तुटलेला धागा थुंकी लावून जोडावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला मज्जाव! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. कोणत्या खात्यात उभे राहायचे आणि कोणती हवा छातीत घ्यायची, हेही जातीवरून ठरत होते.

मिल गेल्या. त्यांच्या जमिनीवर तरी मोकळा श्वास मिळायला हवा होता. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मैदान-बागांसाठी, तेवढाच सार्वजनिक घरांसाठी ठरला होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, तर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवा नियम कायम केला. झाडांच्या वाट्याची जमीन अशी कागदावरच आटली.

कुणी म्हणेल, तुम्हाला नवी घरे नकोत काय? जरूर हवीत! नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतील आपल्या माणसांनी त्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली. पण घर मिळेपर्यंत म्हाताऱ्यांनी आणि लेकरांनी धूळ खावी, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे?

उलट लिहिले आहे ते असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये महानगरपालिकेने बांधकामांसाठी नियम काढले. एक एकरापेक्षा मोठ्या जागेभोवती ३५ फूट उंच पत्रे, लहान जागेला २५ फूट. इमारतीला चोहोबाजूंनी हिरवे कापड किंवा ताडपत्री. पाण्याची फवारणी. डेब्रिजचा ट्रक झाकलेला, त्याची चाके धुतलेली. कामगारांना मास्क. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

हा मास्क विसरू नका. साईटवर पाटी वाहणारी बाई आपल्यासारखीच पोटासाठी आली आहे. धूळ आधी तिच्या छातीत जाते, मग आपल्या खिडकीत येते. आपले भांडण तिच्याशी नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चाळीतल्या बायकांना बरोबर घेऊन शेजारच्या साईटविरुद्ध अर्ज दिला. टेबलावरचे साहेब म्हणाले, “धूळ सगळ्या मुंबईतच आहे.” मी स्वतः कारकून आहे, त्यामुळे तोंडी बोलण्याची किंमत मला ठाऊक आहे. आम्ही अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला, सोबत फोटो जोडले आणि दर सोमवारी जाऊन बसलो. चौथ्या सोमवारनंतर पत्रे चढले. धूळ संपली नाही, पण कमी झाली.

तेव्हा आपापल्या वस्तीत एवढे करा. १९१६ वर फोन करून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या, प्रत जपून ठेवा. घरात लहान मूल आठवडाभर खोकत असेल तर घरगुती काढ्यावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा आणि समोर बांधकाम आहे हेही सांगा.

माझ्या वडिलांच्या सोमवारची नोंद कुठल्याच कागदावर झाली नाही. आपल्या लेकरांच्या खोकल्याची तरी होऊ द्या.