राणीचे नाव, शेतकऱ्यांचे दगड

आयर्लंडच्या स्लायगो परगण्यात ३२७ मीटर उंचीची नॉकनारे टेकडी आहे. माथ्यावर दगडांचा प्रचंड ढीग, सुमारे ५५ मीटर रुंद, १० मीटर उंच. लोक त्याला राणी मेव्हची कबर म्हणतात. पण मेव्ह दंतकथेतली राणी, तिच्या कथा लोहयुगाच्या मानल्या जातात. ढीग मात्र त्याहून कितीतरी जुना, पाच हजार वर्षांपूर्वीचा, नवाश्मयुगातला. त्याचे उत्खनन झालेले नाही. आत दगडी वाट आणि दफनकक्ष असावा, असा अंदाज परिसरातल्या तशाच थडग्यांवरून अभ्यासक बांधतात.

एवढा दगड रचणारे त्या काळचे शेतकरी होते. त्यांची नावे गेली, श्रेय राणीला मिळाले. आम्हाला हेच जास्त खटकते. आज हौशी पर्यटक ढिगावर चढतात, दगड घसरतात. म्हणून वर चढू नका, असे तिथे सांगावे लागते.