चैत्यभूमीहून पोर्तुगीज चर्चकडे

दरवर्षी 6 डिसेंबरला आम्ही छत्रपती संभाजीनगरहून रात्रीची गाडी धरून दादरला जातो. चैत्यभूमीला अभिवादन, शिवाजी पार्कवर पुस्तकांची खरेदी आणि परतीची गाडी, एवढाच बहुतेक बांधवांचा कार्यक्रम असतो. यंदा एक तास काढा आणि चालत पोर्तुगीज चर्चला जा.

या चर्चची स्थापना 1596 ची. इमारत मात्र चार्ल्स कोरिया यांनी 1970 च्या दशकात नव्याने उभी केलेली आहे. जुनेपणा शोधाल तर निराश व्हाल. काँक्रीटची निमुळती छपरे, वरून उतरणारा उजेड आणि मध्ये मोकळी अंगणे आहेत. आम्हाला अधिक मोल वाटते ते बाहेरच्या पाटीचे. रस्त्याचे नाव आहे एस. के. बोले मार्ग. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडणारे ते हेच सीताराम केशव बोले. तो ठराव कागदावरच राहिला, म्हणून 1927 मध्ये बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावे लागले.

वेळ असेल तर माहीमचे सेंट मायकेल आणि वांद्र्याचे माउंट मेरीही पाहा. माहीमला बुधवारच्या नोव्हेनाला सर्व धर्मांचे लोक रांगेत असतात.

बौद्ध असून आम्ही चर्चची वाट का दाखवतो, असे कोणी विचारील. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना बाबासाहेबांनी जातीशी तडजोड करणाऱ्या चर्चवर कोरडे ओढले, ते आम्ही विसरलेलो नाही. परंतु मराठवाड्याच्या खेड्यांत ख्रिस्ती झालेले बहुतेक लोक कोण आहेत? आपलेच महार-मांग बांधव! गावाने त्यांना वेगळे घर दिले नाही; वेगळे केले ते कायद्याने. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद आधी फक्त हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शीख आले. आपण बौद्ध 1990 मध्ये आलो, म्हणजे केंद्राच्या सवलतींसाठी 34 वर्षे दारात उभे राहिलो. ख्रिस्ती बांधव अजून बाहेरच आहेत. त्यांच्यावर जातीवरून अत्याचार झाला तर ॲट्रॉसिटी कायदाही हाताशी नाही.

मद्रासच्या रस्त्याकडेला चपला शिवणाऱ्या सूसाईची गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक हवी. शेजारच्या हिंदू चर्मकारांना सरकारने टपरी दिली, त्याला ख्रिस्ती म्हणून नाकारली. धर्मांतरानंतरही तेच हाल टिकून आहेत हे सिद्ध केले नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये त्याची याचिका फेटाळली. 2007 मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली. ती न स्वीकारता 2022 मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला आणि त्याला मुदतवाढ मिळाली.

आपल्यातलेच काहीजण म्हणतात, ताटात आणखी वाटेकरी नकोत. 1990 पूर्वी आपण कोण होतो?

चर्चमध्ये मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा. बाहेर पडताना बोल्यांच्या नावाची पाटी मुलांना वाचून दाखवा.