डायलिसिस विभागातील पाण्याचा हिशेब

गतवर्षीच्या देणगीदार मेळाव्यात एका ज्येष्ठ हितचिंतकांनी खर्चाच्या पत्रकावर बोट ठेवून विचारले, "डायलिसिसच्या यंत्रांसाठी आम्ही आनंदाने देऊ; पण हा 'जलशुद्धीकरण' खर्च एवढा कसा? नळाचे पाणी गाळून चालत नाही का?" प्रश्न रास्त होता. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर. त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही, याची रुखरुख राहिली. नंतर विभागातील डॉक्टर व तंत्रज्ञ यांच्याकडून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहे.

देवघरात उदबत्ती लावली की तिचा वास कोणी न नेता माजघरापर्यंत पोहोचतो. जेथे दाटी अधिक तेथून जेथे कमी तेथे पदार्थाचे कण आपोआप पसरतात. यास विसरण म्हणतात. शरीरातील प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पटल असते. प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड त्यातून याच रीतीने, शरीराची ऊर्जा न वेचता, ये-जा करतात. पाण्याची गोष्ट थोडी निराळी. काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते आणि बेदाणे पाण्यात टाकले की फुगतात, हे गृहिणींना सांगावयास नको. विरघळलेले पदार्थ जेथे अधिक, त्या बाजूला पटलातून पाणी जाते, हे परासरण. पेशीपटलात पाण्यासाठी खास वाटा असतात. त्या शोधून काढल्याबद्दल पीटर आग्रे यांना 2003 साली रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला.

डायलिसिस हे नाव थॉमस ग्रॅहॅम या रसायनशास्त्रज्ञाने 1861 मध्ये रूढ केले. विशिष्ट पटलातून लहान कण पार होतात आणि मोठे अडतात, हे त्याने दाखविले होते. त्याचा रुग्णांसाठी उपयोग होण्यास मात्र ऐंशी वर्षे जावी लागली. दुसरे महायुद्ध चालू असताना, जर्मनव्याप्त हॉलंडमधील कांपेन गावी विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी एका फिरत्या पिंपाभोवती गुंडाळली, नळीतून रुग्णाचे रक्त फिरविले आणि पिंपाचा खालचा भाग क्षारयुक्त पाण्याच्या टबात बुडविला. हे 1943 साल. सुरुवातीच्या रुग्णांच्या बाबतीत निराशाच पदरी आली. अखेर 1945 मध्ये बेशुद्धावस्थेतील 67 वर्षांची एक स्त्री या यंत्राच्या साहाय्याने शुद्धीवर आली व पुढे काही वर्षे जगली.

आजच्या यंत्रात सेलोफेनऐवजी केसासारख्या हजारो पोकळ तंतूंची जुडी असते. तंतूंच्या आतून रक्त वाहते, बाहेरून उलट दिशेने डायलिसिसचे द्रावण. रक्तात युरिया भरपूर आणि द्रावणात मुळीच नाही, म्हणून तो बाहेर पडतो. रक्तातील अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिने व रक्तपेशी पटलातून जाऊ शकत नाहीत. सोडियम द्रावणात रक्ताइतकेच राखलेले असल्याने ते फारसे हलत नाही. साठलेले जादा पाणी मात्र यंत्र दाबातील फरकाने काढून घेते.

आता पाण्याचा हिशेब. द्रावण साधारणतः मिनिटाला 500 मिलिलिटर वाहते. चार तासांत 120 लिटर, आठवड्यात तीन वेळा म्हणजे 360 लिटर. निरोगी मनुष्य आठवड्यात सुमारे पंधरा लिटर पाणी पितो. तेही आतड्यातून पारखून आत घेतले जाते आणि नको ते मूत्रपिंडे बाहेर टाकतात. येथे रक्त आणि पाणी यांच्यामध्ये एक पातळ पटल, एवढेच. विसरण दोन्ही दिशांनी होते! नळाच्या पाण्यातील क्लोरीनची संयुगे रक्तात शिरली तर तांबड्या पेशी फुटतात. ॲल्युमिनियम साठत गेले तर मेंदू व हाडांवर परिणाम होतो. म्हणून पाणी आधी कोळशाच्या गाळणीतून जाते. नंतर पंपाच्या दाबाने परासरण उलट फिरवून क्षार मागे ठेवले जातात. या क्रियेत बरेचसे पाणी वाया जाते, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

नातेवाईक नेहमी विचारतात, "चार तासांचे दोन नाही का होणार?" युरिया केवळ रक्तात नसतो, तो पेशींतही असतो आणि तेथून रक्तात येण्यास वेळ लागतो. रक्तातून तो फार वेगाने काढला, तर मेंदूच्या पेशींत त्याचे प्रमाण तुलनेने अधिक राहते, पाणी आत ओढले जाते व पेशी बेदाण्यांप्रमाणे फुगतात. डोकेदुखी, ओकाऱ्या, प्रसंगी झटके. पहिल्या वेळी डॉक्टर मुद्दाम थोडाच वेळ डायलिसिस करतात, ते याचसाठी. त्यात हयगय नसते.

एकदा एक आजी रागारागाने माझ्या दालनात आल्या. मुलासाठी आणलेले शहाळे सिस्टरांनी हातातून काढून घेतले होते. "आजाऱ्याला शहाळंसुद्धा देऊ नये?" मलाही क्षणभर त्यांचेच म्हणणे पटले. पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम विपुल असते. रक्तात ते लिटरला 3.5 ते 5 मिलिमोल एवढेच असावे लागते. पेशींच्या आत सुमारे 140. निकामी मूत्रपिंडे जादा पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाहीत आणि रक्तातील प्रमाण फार वाढले, तर हृदयाचे ठोके थांबू शकतात. द्रावणात पोटॅशियम बहुधा 2 च्या आसपास ठेवतात, त्यामुळे उरलेले बाहेर पडते. पण ते यंत्रावर असतानाच. पुढील पाळीपर्यंतचे दोन दिवस रुग्णास पथ्यावरच काढावे लागतात. सुगीच्या दिवसांत किंवा एस.टी. चुकली म्हणून पाळी चुकविणाऱ्यांना सिस्टर रागावतात, त्यामागे हेच भय असते. आजींना सिस्टरांनी हे समजावून सांगितले. शहाळे त्यांनी शेजारच्या वॉर्डातील एका बाळंतिणीला दिले.

सदर हितचिंतकांच्या सूचनेनुसार यंदाच्या जमाखर्च पत्रकात कोळशाच्या गाळण्या, पटले आणि पाण्याची नियमित तपासणी यांचा खर्च स्वतंत्र रकान्यांत दाखविला आहे.