बालखेळाडूंचे अस्थिभग्न : तेल लावण्यापूर्वी

वर्धा जिल्ह्यात शालेय कबड्डी, खो-खोचे सामने सुरू झाले की कोपर सुजलेली मुले आमच्याकडे येतात. पालक प्रथम तेलच मागतात. तरुणास्थी वाकतात, हे सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात सांगितले आहे. मुलांचे कोवळे हाडही व्यंग न दिसता भग्न झालेले असू शकते. अशा कोपरास मर्दन केल्यास स्नायूत अस्थिनिर्मिती होऊन सांधा आखडू शकतो. म्हणून आम्ही मनगटाची नाडी व बोटांची संवेदना पाहतो, हात फळीने स्थिर करतो आणि क्ष-किरण तपासणीसाठी सेवाग्राम वा सावंगीस पाठवतो. बाल्यावस्थेत भग्न महिन्याभरात सांधते, असे संहितावचन आहे. तो महिना मर्दनात वाया जाऊ नये. औषधालयचालकांनीही बाटली देण्यापूर्वी एवढे विचारावे : मूल पडले होते काय?